गोव्यातल्या छोट्या व्यापाऱ्याने कामगार कायदे कसे सांभाळावेत: माणसं मोजण्यापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

म्हापशाच्या बाजारपेठेत, मडगावच्या न्यू मार्केटात, फोंड्याच्या बसस्थानकाजवळ कुठेही जा. हार्डवेअर, कापड, किराणा किंवा स्टेशनरीचं दुकान असेल, तर मालक, त्याच्या घरचं एखादं माणूस आणि चार ते बारा नोकर असा पसारा दिसतो. जीएसटीचं रिटर्न वेळेवर जातं, पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना भिंतीवर लावलेला असतो. कामगार कायद्याचा विषय काढला की मात्र उत्तर ठरलेलं असतं: "आमचं दुकान ते केवढं! आम्हाला कुठले कायदे?"

यातले काही कायदे एक नोकर ठेवला त्याच दिवशी लागू होतात. काही दहाव्या माणसाबरोबर येतात, काही विसाव्या. छोट्या व्यापाऱ्यांचे पगाराचे हिशेब सांभाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वाद होतो तेव्हा मालकाने पैसे दिलेले असतात, बहुतेक वेळा प्रामाणिकपणे दिलेले असतात, पण दिल्याचा कागद नसतो. वेतन संहितेत, म्हणजे पगाराच्या नव्या केंद्रीय कायद्यात, स्पष्ट म्हटलं आहे की पगार किंवा बोनस मिळाला नाही, कमी मिळाला किंवा त्यातून बेकायदा कापला गेला असा दावा कामगाराने केला, तर पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. दावा तीन वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो. पुढची प्रत्येक पायरी हे वाक्य समोर ठेवून वाचा.

आधी कायद्यांची आजची स्थिती

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन संहिता २०१९, आणि २०२० सालच्या औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य या तीन संहिता. किमान वेतन, पगारवाटप, बोनस, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी सेवेची रक्कम), पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असे २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले. नव्या नियम-योजना येईपर्यंत, संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम चालू राहतात. म्हणून पीएफ आणि ईएसआयची चलनं पूर्वीच्याच पोर्टलवर भरली जात आहेत.

दुकानं व आस्थापनांचा कायदा मात्र राज्याचा आहे आणि तो संहितांत गेलेला नाही. गोव्यात तो १९७३ सालचा आहे. बालमजुरीविरोधी कायदा आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा हेही स्वतंत्रपणे उभे आहेत. "आता सगळे जुने कायदे गेले" असं कोणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका.

पायरी १: माणसं मोजा, आणि नीट मोजा

सगळं या आकड्यावर ठरतं आणि बहुतेकांचा आकडा चुकतो. मालक कायम नोकर तेवढे मोजतो. गोदामात रोजंदारीवर येणारा, संध्याकाळी चार तास हिशेब लिहायला येणारी मुलगी, एजन्सीने पाठवलेला सुरक्षारक्षक किंवा सफाईवाला यांना तो धरत नाही. पीएफ-ईएसआयची माणसं येतात तेव्हा ती यांनाही मोजतात. ईएसआयसाठी तर २१,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारा व्यवस्थापकही डोकेमोजणीत येतो, त्याची वर्गणी भरावी लागत नसली तरी.

एकाच मालकीची म्हापशाला एक आणि पणजीला एक अशी दोन दुकानं असतील, तर ती वेगळी धरली जातील अशी आशा ठेवू नका. मालकी एक, हिशेब एक, तर आस्थापन एक आणि शाखा दोन. सहा अधिक पाच म्हणजे अकरा.

घरच्या माणसांचं काय? मालक स्वतः नोकर नाही. पण प्राप्तिकरासाठी बायकोच्या किंवा मुलाच्या नावे पगार दाखवला असेल, तर वह्यांत तो माणूस पगारी दिसतो आणि मोजला जाण्याची दाट शक्यता असते. सीएला विचारून दोन्हीकडचं चित्र एकसारखं ठेवा.

गोव्यात खरा पेच हंगामाचा आहे. मे महिन्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची खरेदी, मग चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी, नाताळ. वर्षभर आठ माणसांवर चालणारं दुकान चवथीच्या पंधरवड्यात दोन-तीन जादा पोरं घेतं. त्या पंधरवड्यात आकडा दहावर गेला की ईएसआय लागू झालं, आणि चवथ संपून माणसं परत गेली तरी ते लागूच राहतं. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला वहीत एक ओळ लिहा: मागच्या महिन्यात एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसं कामावर होती. ही एक ओळ पुढे कितीतरी प्रश्नांची उत्तरं देते.

टप्पे असे आहेत. एक माणूस असला तरी दुकान कायदा, किमान वेतन, वेळेवर पगार, अपघात भरपाई आणि बालमजुरीबंदी. दहा झाले की ईएसआय, ग्रॅच्युइटी, मातृत्व लाभ, व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य संहिता आणि लैंगिक छळ तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाले की पीएफ आणि बोनस.

पायरी २: दुकानाची नोंदणी

पंचायत किंवा पालिकेचा व्यापार परवाना वेगळा आणि दुकान कायद्याखालची नोंदणी वेगळी. पहिला जागेसाठी आणि धंद्यासाठी असतो. दुसरी कामगार खात्याकडे, तुम्ही किती माणसं ठेवता आणि त्यांना कसं वागवता यासाठी. गोव्यात हा अर्ज गोवा ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. खात्याचं मुख्य कार्यालय पणजीत पाटो इथे श्रमशक्ती भवनात आहे. जवळच्या शहरातल्या कामगार निरीक्षकाकडेही चौकशी करता येते.

अर्जाला लागणारे कागद नेहमीचेच: मालकाची ओळखपत्रं, जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, नोकरांची संख्या, सुट्टीचा वार, उघडण्या-बंद होण्याच्या वेळा. इथे घाई करू नका. अर्जात आठवड्याची सुट्टी रविवार लिहिली आणि दुकान रविवारीही उघडं असलं, तर पहिल्या भेटीतच विसंगती सापडते. जे खरं असेल तेच लिहा. बदल झाला, म्हणजे नोकर वाढले, जागा हलली किंवा भागीदार आला, की दुरुस्ती करून घ्या. प्रमाणपत्रावरची मुदत मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावा.

पायरी ३: नेमणुकीचं पत्र

दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनात प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य संहितेने बंधनकारक केलं आहे. तुमच्याकडे तीनच माणसं असली तरी द्या, हा माझा आग्रह आहे. एक पान पुरतं. नाव, पत्ता, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, कामाचं स्वरूप, मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे, कामाच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, सोडून जाताना किती दिवसांची नोटीस. दोन प्रती काढा, दोघांच्या सह्या घ्या, एक कामगाराकडे द्या. कामगार कन्नड किंवा हिंदी भाषिक असेल, तर मजकूर त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा आणि तसं पत्राखाली लिहा.

आधार, बँक पासबुक आणि फोटो यांच्या प्रती घ्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका. "पळून जाऊ नये म्हणून आधार ठेवून घेतलं" ही पद्धत ताबडतोब बंद करा. त्याने माणूस टिकत नाही, उलट तक्रार झाली तर पहिला मुद्दा तोच निघतो.

वय आधी पाहा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मालकाच्या स्वतःच्या मुलाने शाळा सुटल्यावर दुकानात हातभार लावणं यातून वगळलेलं आहे. गावाकडून "शिकायला" आणलेला नातेवाइकाचा पोर दिवसभर गल्ल्यावर उभा असेल, तर तो हातभार नव्हे. चौदा ते अठरा वयाच्यांना धोकादायक कामावर घेता येत नाही.

परप्रांतीय कामगाराला राहायला खोली दिली असेल, तर पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी करून घ्या. हा कामगार कायदा नाही, पण गोव्यात याची विचारणा होते आणि जबाबदारी जागा देणाऱ्यावर येते.

पायरी ४: पगार ठरवणं

गोव्यात किमान वेतनाचे दर राजपत्रात येतात आणि त्यातला महागाई भत्ता साधारण एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा बदलतो. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे स्तर असतात. काउंटरवरचा विक्रेता, माल उचलणारा आणि हिशेबनीस यांना एकाच दराने बसवू नका. दर सहा महिन्यांनी कामगार खात्याच्या संकेतस्थळावरून नवं परिपत्रक काढा, छापा आणि पगाराच्या फाइलला लावा. बाई आणि पुरुष एकच काम करत असतील तर दर एकच.

नव्या संहितेतली 'वेतना'ची व्याख्या नीट समजून घ्या, कारण पुढे पीएफ आणि ग्रॅच्युइटी तिच्यावरच मोजली जाते. मूळ पगार आणि महागाई भत्ता म्हणजे वेतन. घरभाडं, प्रवासभत्ता वगैरे वगळता येतं, पण वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असली, तर जास्तीचा भाग परत वेतनात धरला जातो. उदाहरणार्थ, एकूण पगार ३०,००० रुपये. मूळ १०,०००, घरभाडं १२,००० आणि प्रवास ८,०००. वगळलेले झाले २०,०००. निम्मे म्हणजे १५,०००. वरचे ५,००० मुळात मिळवायचे, म्हणजे वेतन १५,००० धरलं जाईल. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून वर्गणी वाचवण्याची जुनी रचना आता उपयोगाची नाही.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. रोजंदारीचा पगार पाळी संपताना, आठवड्याचा साप्ताहिक सुट्टीच्या आधी. रोख देणं कायद्याने बंद नाही, पण मी प्रत्येकाला बँकेतूनच द्यायला सांगते. खातं नसेल तर जनधन खातं उघडून द्या. बँकेची नोंद हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे. पगाराबरोबर स्लिप द्या. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तरी चालते, फक्त पाठवल्याची नोंद राहू द्या.

आता 'उचल'. जवळजवळ प्रत्येक दुकानात चालते आणि जवळजवळ प्रत्येक वादाच्या मुळाशी असते. एका दुकानात मी गल्ल्याखालच्या खणातली डायरी पाहिली होती: "२ हजार", तारीख नाही, सही नाही, त्याच्याखाली "गावाला ५", म्हणजे पाचशे की पाच हजार ते मालकालाही आठवेना. अशा डायरीवर कुठलाही अधिकारी विश्वास ठेवणार नाही. उचल दिली की तारीख, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कामगाराची सही आणि दरमहा किती कापायचे, हे चार रकाने त्याच क्षणी भरा. शक्य असेल तर उचलही यूपीआयने द्या आणि शेऱ्यात 'उचल' लिहा. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत.

माल फुटला किंवा गल्ल्यात पैसे कमी आले म्हणून परस्पर पगार कापता येत नाही. ती वस्तू किंवा ते पैसे त्या कामगाराच्या ताब्यात दिलेले असले, नुकसान त्याच्याच निष्काळजीपणामुळे झालेलं असलं आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं असलं, तरच कापता येतं. ऐकून घेतल्याचा कागद करा.

एक गोव्याची खास गोष्ट: आपल्याकडे व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रातलं पगाराचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं वापरलं, तर ते दरमहा २०० रुपये कापत राहतं. सेटिंग तपासा. कापले असतील तर परत द्या, ती बेकायदा कपात आहे.

पायरी ५: वेळा, दुपारची सुट्टी आणि ओव्हरटाइम

आपल्याकडची दुकानं सकाळी उघडतात, दुपारी जेवण-झोपेला बंद होतात आणि मग रात्रीपर्यंत चालतात. ९ ते १ आणि ४ ते ८:३० असं वेळापत्रक घ्या. साडेआठ तास झाले. सहा दिवसांचे ५१. आठवड्याची मर्यादा ४८ तासांची. म्हणजे दर आठवड्याला तीन तास ओव्हरटाइम होतो आहे आणि त्याचा दर किमान दुप्पट आहे.

हे पैशांत मांडू. पगार १५,६०० रुपये. २६ ने भागलं की रोज ६००, तासाला ७५, दुप्पट १५०. तीन तासांचे आठवड्याला ४५०. वर्षाचे २३,४००, तीन वर्षांचे ७०,२००. ही एका माणसाची रक्कम झाली. अशी सहा माणसं असतील तर चार लाखांवर जाते. मालकाने कुणाला फसवलेलं नसतं, पिढ्यान्‌पिढ्या दुकान याच वेळेला उघडत-बंद होत आलेलं असतं. उपाय साधा आहे. दोघांना अर्धा तास उशिरा बोलवा, दोघांना अर्धा तास लवकर सोडा. दुकान तेवढाच वेळ उघडं राहतं आणि कोणाचे तास ४८ च्या वर जात नाहीत.

हजेरीपटात नुसता 'ह' लिहू नका. आल्याची वेळ, दुपारी गेल्याची, परत आल्याची आणि रात्री गेल्याची अशा चार वेळा लिहा. दुपारचे तीन तास कामगार घरी होता की दुकानातच माल लावत होता, याचा पुरावा या रकान्यांशिवाय दुसरा नसतो. शटर खाली ओढून आत गाड्या उतरवायला लावल्या, तर तो वेळ कामाचाच.

आठवड्यातला एक दिवस सुट्टी द्यायचीच. नाताळच्या आधीच्या रविवारी दुकान उघडं ठेवलं तर बदली सुट्टी द्या आणि तारीख लिहा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी पगारी सुट्टी धरा. सणांच्या सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीला माणसांना विचारून ठरवा. दुकानात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे असतात आणि चवथ, नाताळ, ईद यांची अदलाबदल गोव्यात सहज जमते. रात्री उशिरापर्यंत स्त्री कामगाराची गरज असेल, तर तिची संमती लेखी घ्या आणि घरी पोचवण्याची सोय करा.

पायरी ६: दहाच्या खाली असाल तर अपघाताचा विचार आजच करा

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो आणि धंदा बुडवण्याची ताकद याच्यातच आहे. ईएसआय लागू नसलेल्या दुकानात कामगाराला कामामुळे अपघात झाला, तर भरपाई मालकाने स्वतः द्यायची. शिडीवरून पडणं, टेम्पोतून सिमेंट उतरवताना चिरडणं, दुकानाच्या स्कूटरवरून माल पोचवताना पणजी-म्हापसा रस्त्यावर धडक बसणं, हे सगळं त्यात येतं. सामाजिक सुरक्षा संहितेने घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, यात धरला आहे.

मृत्यू झाल्यास सूत्र असं: मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. पंचवीस वर्षांच्या माणसाचा गुणांक २१६.९१ आहे. वेतन १५,००० धरलं, तर ७,५०० गुणिले २१६.९१ म्हणजे १६,२६,८२५ रुपये. आठ माणसांचं किराणा दुकान एवढी रक्कम कुठून आणणार? आणि त्या मुलाच्या आईवडिलांना ती मिळाली नाही, तर त्यांनी काय करायचं?

म्हणून सामान्य विमा कंपनीकडून कामगार भरपाई पॉलिसी घ्या. माणसांची संख्या आणि कामाचं स्वरूप खरं लिहा. हेल्पर म्हणून दाखवलेला प्रत्यक्षात टेम्पो चालवत असेल, तर दाव्याच्या वेळी अडचण येते. हंगामी माणसांची नावं त्या त्या वेळी कळवा. दुकानाचा आगीचा विमा काढणारे बरेच भेटतात. त्याच एजंटाला ही पॉलिसी मागा.

पायरी ७: दहावर ईएसआय

लागू झाल्यापासून पंधरा दिवसांत ईएसआयसीच्या, म्हणजे ईएसआय महामंडळाच्या, पोर्टलवर नोंदणी करायची. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकाची वर्गणी भरावी लागते: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. वेतन १६,००० असेल तर १२० अधिक ५२०, म्हणजे ६४० रुपये. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत चलन भरायचं. एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. मध्येच पगार २१,००० वर गेला, तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवायची.

मालक याला खर्च समजतात. मला हा सगळ्यात स्वस्त विमा वाटतो. वरच्या पायरीतली अपघाताची जबाबदारी ईएसआयसी उचलते. आजारपणात कामगाराला वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मडगावच्या ईएसआय इस्पितळात त्याच्यावर आणि कुटुंबावर उपचार होतात. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचा पगारही ईएसआयसी देते. 'बाई ठेवली तर बाळंतपणाचा भार आपल्यावर' ही भीती म्हणूनच निराधार आहे.

माणूस रुजू झाला त्याच दिवशी त्याचा विमा क्रमांक काढा. महिनाअखेरीस एकदम करू म्हणून थांबू नका, अपघात महिनाअखेरीची वाट पाहत नाही.

दहावर गेल्यावर अंतर्गत समितीही लागते. अध्यक्षपदी दुकानातली वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दहाच्या खालच्या दुकानातल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती दुकानात लावून ठेवा.

पायरी ८: विसावर पीएफ आणि बोनस

पीएफमध्ये दोन्हीकडून १२ टक्के. १५,००० वेतनावर कामगाराचे १,८०० आणि मालकाचे १,८००. मालकाच्या हिश्शातले १,२५० पेन्शनला जातात आणि ५५० पीएफला. वर विम्याचे ०.५ टक्के आणि प्रशासकीय ०.५ टक्के, ज्यात किमान ५०० रुपये. तारीख तीच, पुढच्या महिन्याची १५. नव्या माणसाचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) सरकारच्या उमंग ॲपवर चेहऱ्याच्या पडताळणीने निघतो. आधीचा यूएएन असेल तर दुसरा काढू नका, जुनाच जोडा.

पीएफ आणि ईएसआय दोन्हीकडे एक नियम लक्षात असू द्या. कामगाराचा हिस्सा त्या त्या महिन्याच्या पगारातून कापला नाही, तर नंतर मागच्या महिन्यांचा एकदम कापता येत नाही. दोन वर्षं नोंदणी टाळली आणि मग पकडले गेलात, तर दोन्ही हिस्से, व्याज आणि दंड सगळं मालकाच्या खिशातून.

पीएफमध्ये असलेल्या दुकानाने माणसं वाढवायची ठरवली असेल, तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना पाहावी. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नव्या नोकऱ्यांना ती लागू आहे. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या मालकाने किमान दोन जादा माणसं घेऊन सहा महिने टिकवली, तर प्रत्येकामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षं मिळतात. पहिल्यांदा नोकरी करणाऱ्यालाही दोन हप्त्यांत १५,००० पर्यंत मिळतात.

बोनस किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत. चवथीला किंवा दिवाळीला हातात दिलेली पाकिटं वहीत 'बोनस' म्हणून सहीनिशी लिहिली नाहीत, तर ती बक्षिसी ठरते आणि बोनस देणं बाकीच राहतं.

गोवा कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते. रक्कम छोटी असते, म्हणून नेमकी तीच राहून जाते.

पायरी ९: निरीक्षक आले तर

नव्या व्यवस्थेत निरीक्षकाने मार्गदर्शनही करायचं आहे. वेतन संहितेखाली पहिल्यांदा चूक सापडली, तर थेट खटला न भरता आधी लेखी सूचना देऊन दुरुस्तीची मुदत द्यावी लागते. तीच चूक पाच वर्षांत पुन्हा झाली तर ही सवलत मिळत नाही. कमी पगार दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदी नीट न ठेवल्याबद्दल १०,००० पर्यंत.

म्हणून आलेल्या माणसाचं ओळखपत्र पाहा, बसायला द्या, फाइल पुढे ठेवा. एका फाइलीत नोंदणी प्रमाणपत्र, नेमणूकपत्रं, हजेरीपट, पगारपत्रक, उचलीची वही, चलनं आणि विम्याची पॉलिसी एवढं असलं की पुरे. नाही ते 'आहे' म्हणू नका, आणि मागच्या तारखा घालून रजिस्टर लिहायला बसू नका. एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेले सहा महिने कोणालाही ओळखू येतात. लेखी सूचना मिळाली तर मुदतीत दुरुस्ती करा, उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या.

पायरी १०: माणूस सोडून जातो तेव्हा

राजीनामा असो वा काढून टाकणं, उरलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. "सात तारखेला ये" आता चालत नाही. बरेच कामगार रात्रीच्या बसने गावी जातात, म्हणून हिशेब आदल्या दिवशीच तयार ठेवा: कामाचे दिवस, ओव्हरटाइम, शिल्लक रजा, उचलीची वजावट. यादी वाचून दाखवा, रक्कम खात्यात टाका, सही घ्या.

दहा किंवा अधिक माणसांच्या दुकानात पाच वर्षं पूर्ण झालेल्याला ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची. शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १३,००० वेतनावर आठ वर्षांचे ६०,००० होतात. ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवलेल्याला एका वर्षानंतरही हक्क आहे, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नाही. यासाठी वारसाचं नाव नेमणुकीच्या वेळीच लिहून घेतलेलं असावं. धंदा मंदावला म्हणून वर्षभर काम केलेल्या माणसाला कमी करायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, आणि पुनर्कौशल्य निधीत आणखी पंधरा दिवसांचं वेतन भरावं लागतं.

शेवटी अनुभवाचा दाखला द्या, मागितला नसला तरी. पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख त्याच महिन्यात टाका. ती टाकली नाही तर त्या माणसाचे पीएफचे पैसे अडकतात, आणि त्याला पुढच्या वर्षी बेळगावहून किंवा बिहारहून पुन्हा तुमच्या दुकानापर्यंत यावं लागतं.